खारूचा डावा कान

१

कान तपासायला आलेली माणसं खोटं बोलतात, असं ताईचं ठाम मत होतं. मुद्दाम नाही बोलत बिचारी. पण काचेच्या बंद खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले, हातात बटण दिलं आणि 'शिट्टी ऐकू आली की दाबा' असं सांगितलं, की भल्याभल्यांना परीक्षेला बसल्यासारखं वाटतं. मग न वाजलेल्या शिट्टीलाही बटण दाबलं जातं, बाहेर ताईच्या टेबलावर हिरवा दिवा लागतो, आणि ताई मनात म्हणते, 'आजोबा, मी अजून काही वाजवलंच नाही हो.' बारा वर्षं तिचं हेच काम होतं. गल्लीत तिला सगळे कानवाली ताई म्हणायचे, घरी ती नुसती ताई होती.

त्या सोमवारी जेवणाच्या सुट्टीत तिने धाकट्या भावाला आत बसवलं. लहानपणी तो दारांवर, कपाटांवर, जिथे म्हणून पाय मावेल तिथे चढून बसायचा, म्हणून त्याचं नाव पडलं खारू. पुढे त्याने तोच धंदा केला. उंच धुराडी आणि मनोरे रंगवायचे. दोन वर्षांपूर्वी तापाचं निमित्त झालं आणि त्याचा डावा कान गेला. नुसतं ऐकणं गेलं असतं तर निभावलं असतं. पण कानाच्या अगदी आत, हाडाच्या पोकळीत, ऐकण्यासाठी गोगलगायीच्या शंखासारखं एक वेटोळं असतं आणि त्याला चिकटून तीन बारीक वाकड्या नळ्या असतात. नळ्यांत पाणी भरलेलं. आपण डोकं हलवलं की ते पाणी जरा मागे रेंगाळतं, आणि त्यावरून मेंदूला कळतं की स्वारी कुठे कलली. खारूचं डावीकडचं वेटोळंही गेलं आणि नळ्याही गेल्या. दिवे गेले की तो भिंतीला हात लावून चालायचा.

'उंचावर काम करण्यास अयोग्य' हे प्रमाणपत्र त्याला मिळालं, आणि त्यावर सही होती ताईची. दुसऱ्या कोणाकडे पाठवलं असतं तरी तेच लिहिलं असतं, हे खरं. पण सही तिची होती. तेव्हापासून खारू आपल्या मुकादमांच्या गोदामात रंगाचे डबे रचत बसायचा. ताईला तो एका शब्दाने काही बोलला नव्हता. बोलला असता तर बरं झालं असतं, असं तिला रोज वाटायचं.

वर्षाची तपासणी म्हणून तिने उजवा कान उरकला आणि डावीकडे शिट्टी सोडली. उगाच आपली रीत म्हणून.

हिरवा दिवा लागला.

"अगं बाई, खरखर सोडायची राहिली," ती स्वतःशीच म्हणाली. कानवाल्यांची ही नेहमीची चूक. एक कान ठार बहिरा असला तरी त्यातला मोठा आवाज कवटीच्या हाडातून पलीकडे जातो आणि चांगला कान तो चोरून ऐकतो. म्हणून चांगल्या कानात सतत खरखर सोडून त्याला गुंतवून ठेवायचं असतं. ताईने खरखर सुरू केली, पुन्हा शिट्टी सोडली. दिवा लागला. तिने आवाज कमी केला. दिवा लागला. आणखी कमी केला, मांजराच्या पावलांइतका. दिवा लागला.

तिने खोलीचं जाड दार असं काही ओढलं की बिजागरी कुरकुरली.

"काय गं? नापास?" खारूने हेडफोन काढत विचारलं.

"गाढवा, तुला ऐकू येतंय! डाव्या कानाने!"

तो खुर्चीतून उठला, काहीतरी बोलायला गेला, आणि बोलण्याऐवजी त्याने ताईला उचलून गरकन फिरवलं. तोल जाऊ न देता. मग दोघं त्या अरुंद खोलीत वेड्यासारखी हसत उभी राहिली.

२

मंगळवारी तिने सगळं पहिल्यापासून केलं. आनंद आपल्या जागी आणि काम आपल्या जागी. गेलेला कान असा परत येत नाही, हे तिला शिकवलेलं होतं आणि तिनेही लोकांना शंभरदा सांगितलं होतं. पण आज तिला शिकलेलं सगळं चुकीचं ठरायला हवं होतं.

खारू काचेपलीकडे मजेत बसला होता. ती शिट्ट्या सोडत होती, दिवा लागत होता, कागदावर खुणा पडत होत्या. विसावी-एकविसावी खूण करताना तिला काहीतरी खटकलं. बूट उलटसुलट पायांत घातल्यावर जसं होतं तसं काहीतरी. चालता येतं, पण चुकलंय एवढं कळतं.

मग तिने नीट पाहिलं. दिवा शिट्टीनंतर लागत नव्हता. आधी लागत होता.

फरक डोळ्याची पापणी लवण्याइतकाच होता. दिवा लागायचा आणि मग तिचं बोट कळ दाबायचं. बटण अडकत असेल म्हणून तिने ते बदललं. तार बदलली. खारूला माझी लय पाठ झाली असेल, म्हणून कधी पटापट, कधी मिनिटभर थांबून शिट्ट्या सोडल्या. काही उपयोग नाही. शेवटी तिने तिचा ठेवणीतला डाव टाकला. बोट कळेवर न्यायचं आणि दाबायचं नाही. याला भलेभले फसतात.

खारू फसला नाही. जी शिट्टी वाजणार नव्हती, तिला दिवा लागतच नव्हता.

तिच्या अंगावर सर्रकन काटा आला, आणि खरं सांगायचं तर तो भीतीचा नव्हता. बारा वर्षं हेडफोनच्या अलीकडे बसून जे कोणी पाहिलं नसेल ते आपण पाहतोय, आणि तेही आपल्या खारूच्या बाबतीत! छाती इतकी धडधडत होती की स्वतःची चाचणी तिला त्या दिवशी करता आली नसती.

प्रमाणपत्राच्या कागदावर दोनच रकाने होते. उजव्या कानाला किती हळू ऐकू येतं आणि डाव्या कानाला किती हळू ऐकू येतं. केव्हा ऐकू येतं, असा रकाना नव्हता. ताईने डावीकडे 'उत्तम' लिहिलं, 'उंचावर काम करण्यास योग्य' लिहिलं, आणि तोलाची चाचणी बाकी असतानाच खाली सही ठोकली. असं तिने यापूर्वी कधी केलं नव्हतं. खारूने कागदाची घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवली आणि घरी जाईपर्यंत चारदा खिसा चाचपला.

३

घरात नुसता गोंधळ. आई येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगत होती, "माझ्या पोराचा कान आला हो परत!" जणू कान गावाला गेला होता. खारूने मुकादमांना फोन केला तेव्हा ते पलीकडून इतक्या मोठ्याने ओरडले की बाहेरच्या खोलीत ऐकू गेलं. पुढच्या सोमवारी कारखान्याचं मोठं धुराडं रंगवायला घ्यायचं होतं, आणि वरच्या टोकाला खारूशिवाय कोणी नको, असं मुकादमांचं म्हणणं पडलं.

तोवर भावाबहिणीला नवा खेळ सापडला होता. खारू उजव्या कानात बोट घालायचा आणि म्हणायचा, "फोन." ताई मोजायची. एक, दोन, तीन, आणि फोन वाजायचा. "खाली मोटारसायकल." चार, पाच, फटफट सुरू. आईला वाटायचं, दोघं लहानपणीसारख्या काहीतरी खोड्या करताहेत. गुरुवारी हे अंतर सात आकड्यांवर गेलं. मंगळवारी ते पापणी लवण्याइतकंच होतं.

"वाढतंय रे," ताई म्हणाली.

"वाढू दे की! कार्टं आहे, वाढणारच," खारू म्हणाला आणि दोघं पोट धरून हसली.

त्याच दुपारी दवाखान्यात तिला एक दुर्बुद्धी सुचली. दिवा लागला की बोट मागे घ्यायचं. त्याला शिट्टी आधीच ऐकू आली ना? मग मी वाजवणारच नाही. बघू काय होतं ते. दिवा लागला. ताईने दोन्ही हात मांडीवर घट्ट धरले. एक, दोन, तीन. काचेपलीकडे खारू शांतपणे भिंतीकडे बघत होता. चार, पाच. जमलं! सहा. तेवढ्यात तिच्या खुर्चीची एक दांडी खटकन सुटली, ती पुढे कोलमडली, आणि सावरायला टेकलेला तळहात नेमका कळेवर पडला.

शिट्टी वाजली.

खुर्ची जुनीच होती. दांडी आज ना उद्या निसटणारच होती. ताईने ती स्वतः पिळून बसवली आणि बराच वेळ पिळतच राहिली.

शुक्रवारी तिने राहिलेली तोलाची चाचणी घेतली. आधीच घ्यायला हवी होती. खारूला तिने खाटेवर उताणं झोपवलं आणि त्याच्या डोळ्यांवर काळा बंद चष्मा चढवला. चष्म्याच्या आत छोटा कॅमेरा असतो आणि पडद्यावर फक्त दोन डोळे दिसतात, मोठ्ठाले. कानात कोमट पाणी सोडलं की आतल्या नळ्यांतलं पाणी हलतं आणि माणूस स्वस्थ पडलेला असूनही त्याचे डोळे सरकू लागतात. कान मेलेला असेल तर डोळे ढिम्म.

ताई अजून पाणी भरत होती. तिने खारूला हातही लावला नव्हता.

पडद्यावरचे डोळे वर सरकू लागले. सावकाश वर आणि झटक्याने खाली. पुन्हा वर, पुन्हा खाली, भराभर, आणखी भराभर. फिरत्या खुर्चीत बसवलेल्या माणसांचे डोळे ताईने हजारदा पाहिले होते. हे तसे आडवे हलत नव्हते.

"ताई, खाट खाली चाललीय का गं?" खारूने विचारलं. त्याचे हात दोन्ही बाजूंनी गादी चाचपत होते. "चाललीच आहे. मजा वाटतेय."

मग डोळे थांबले. जिवंत माणसाचे डोळे कधी पूर्ण थांबत नाहीत. झोपेतही ते तरंगतात. हे कागदावर काढल्यासारखे थांबले. ताईच्या हातातलं पाणी तिच्या चपलेवर सांडत राहिलं आणि तिला ते कळलंही नाही. किती वेळ गेला देव जाणे. मग खारूने पापण्यांची उघडझाप केली.

"झालं का? जाम भूक लागलीय."

शनिवारी रात्रभर ती हिशोब लावत राहिली आणि तो लागेना. वेटोळ्यातला आवाज सात-आठ आकडे पुढे धावत होता, तो तरी मोजता येत होता. नळ्या किती पुढे होत्या? आठ आकडे होऊन गेले होते, एक अख्खा दिवस होऊन गेला होता, आणि खारू कुठे पडला नव्हता. अजून पडला नव्हता.

४

रविवारी सकाळी ती म्हणाली, "खारू, तो कागद परत दे. तपासणीत चूक झाली माझी."

खारू वरच्या मजल्यावरच्या बाल्कनीत कमरेचा पट्टा तपासत बसला होता. त्या पट्ट्याला दोन दोऱ्या आणि दोऱ्यांच्या टोकांना दोन कड्या. चढताना एक कडी कायम शिडीला अडकलेली हवी, मगच दुसरी सोडायची.

तिने त्याला डोळ्यांचं सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि तो मनापासून हसला.

"ताई, अगं उलट माझ्याइतका सुरक्षित माणूस सापडणार नाही! शिडी कुरकुरायच्या आधी मला कुरकुर ऐकू येईल. तिथे वर मी काय करत असतो? कान देऊन असतो फक्त."

"मी मुकादमांना फोन करते."

खारूचं हसू थांबलं. "दोन वर्षं मी तुला एक अक्षर बोललो नाही," तो हळू आवाजात म्हणाला. "आता बोलायला लावू नकोस." मग एकदम त्याने मान तिरकी केली. "आईने काहीतरी पाडलं."

ताईला मोजायचं नव्हतं. तरी तिने मोजलं. अकराला स्वयंपाकघरात पातेलं खणखणत पडलं आणि आई म्हणाली, "काही नाही गं, हातातून सटकलं."

"बघ," खारू म्हणाला. "एवढ्या वेळात मी दोन्ही कड्या लावून वर विडी ओढत बसेन."

तिने फोन केला नाही. तिला भीती वाटत होती, पण त्याच्या चेहऱ्यावर दोन वर्षांनी जे आलं होतं ते पुन्हा आपल्याच हातांनी पुसायची हिंमत तिच्यात नव्हती. शिवाय मुकादमांना सांगायचं तरी काय? भावाचे डोळे वरखाली हलले म्हणून?

५

सोमवारी सकाळी दवाखान्याच्या दारावर 'आज बंद' लावून ती कारखान्यावर पोचली तेव्हा खारू निम्म्याच्या वर गेला होता. ऊन स्वच्छ होतं, वारा जेमतेम. धुराड्याच्या अंगाला चिकटलेला तो एवढासा ठिपका असा सरसर चढत होता की खालची चार माणसं काम सोडून बघत उभी होती.

"बघा तुमचं भावरत्न," मुकादम म्हणाले. त्यांनी तिच्या डोक्यावर पिवळं शिरस्त्राण ठेवलं आणि दोरीच्या अलीकडे उभं केलं. "काळजी नको, ताई. आपला एकच नियम. वर माणूस असताना खालून हाक मारायची नाही. हाक ऐकली की माणूस वळतो."

"माहीत आहे मला," ताई म्हणाली. खारूनेच तिला तो सांगितला होता. शपथेवर सांगायचं तर हाक मारायला ती आलीच नव्हती. नुसतं बघायला, आणि तो उतरल्यावर कागद फाडायला आली होती.

खारू टोकाशी पोचला. आता धोक्याची फक्त एक जागा उरली होती. शिडी संपते आणि वरचा गोल कठडा सुरू होतो, तिथे चांगलं दोन हात अंतर होतं. दोऱ्या पुरत नाहीत. नियमात बसत नसलं तरी सगळे धुराडेवाले तिथे दोन्ही कड्या सोडतात आणि एक ढांग टाकतात. एका श्वासाचं काम. खारूने पहिली कडी सोडली. दुसरी सोडली.

आणि तो थांबला. ढांग न टाकता, तसाच. त्याने डावा कान खाली वळवला.

"काय गं, ताई?" वरून आवाज आला. बारीक, पण स्वच्छ.

"कोणाशी बोलतोय हा?" मुकादम पुटपुटले.

ताई बोलली नव्हती. कोणीच बोललं नव्हतं. पण वर पोचलेला आवाज तिचाच होता, आणि तो अजून तिच्या गळ्यातून निघायचा होता.

तिने दोन्ही तळहात तोंडावर गच्च दाबले. नाही ओरडणार. काही झालं तरी नाही. अकरा निघून जाऊ देत, बारा निघून जाऊ देत, की सुटलो. दोन. तीन.

"काय नको?" खारूने विचारलं. तो हसत होता असं वाटलं. "नीट ऐकू आलं नाही!"

चार. ताईने जोरजोराने मान हलवली. इतक्या उंचावरून ती काय दिसणार? मुकादमांनी दोन्ही हात हवेत नाचवले, कमरेला हात लावून दाखवला. कडी लाव, कडी लाव. त्यांच्याही तोंडून शब्द निघाला नाही, नियम हाडात मुरलेला होता. पाच. सहा.

खारूने एक हात शिडीवरून काढला आणि कानामागे धरला. ताईचं ऐकायचंय म्हणून तो थोडा बाहेर झुकला. सात. ती बोलतेय तर काहीतरी महत्त्वाचं असणार, असं त्याला वाटत होतं, तो लहानपणापासून तिचं ऐकत आला होता. आठ. तळहातांखाली ताईचे दात ओठांत रुतले. नऊ. आणखी दोनच, खारू, आणखी दोनच.

तो आणखी जरासा झुकला. दहाला त्याचं डोकं डावीकडे हलकेच कललं, पायरीवरचा पाय सुटला, आणि ताईचे हात तोंडावरून कधी खाली आले, ते तिला कळलंच नाही.